उजवा कान

कानपूरला पाठवायचो आधी.
मीठ चोळून, गोणपाटात घडी घालून
इतवारीच्या ट्रान्सपोर्टातून.
तीन महिने. कधी पाच.
परत यायचं मऊ, धुतलेलं,
कशाचाच वास नसलेलं.

हेडाऊ मास्तरांचा मंत्री तसाच आला.
साच्यावर चढवला, डोळे बसवले,
फाटका कान शिवायला सुई ओवली
तर कान अख्खा.

तेव्हापासून मागच्या अंगणात दोन ड्रम,
तुरटीचा आणि हिरड्याचा.
मे महिन्यात एक दुपार डोळा लागला
की केस मुठीत येतात.
दोन कातडी अशी गेली, पैसे परत केले.
पुष्पलता वही पुढे सरकवते:
"कानपूर स्वस्त पडते, काहून मरता?"
खरं आहे. वहीत तसंच दिसतं.
वहीत हे नाही, की आतून सुरी फिरवताना
जुनी जखम रेघेसारखी लागते,
कळतं, हा कोणत्या पायावर रेलायचा.
नखं काळीच राहतात. जेवताना चमचा घेतो.

मास्तर तो परका कुत्रा घेऊन गेले.
पैसे पूर्ण दिले, मी नको म्हणत असताना.
दारात ठेवलाय, जुन्या पोत्यावर.
परवा विचारलं, हाक काय मारता?
म्हणाले, अजून ठेवलं नाही नाव.
त्याचं काहीतरी असेलच ना.