पन्नास वर्षं, पाठमोरी

सकाळपासून पडद्याच्या तळाशी पट्टी धावतेय,
एका गाण्याला पन्नास वर्षं.
काल कुठल्याशा मालिकेची पंचवीस होती,
परवा कुणाच्या पहिल्या कॅसेटची चाळीस.
मी निवतीचा केबलवाला. माझ्या खोलीत
रोज कशाला तरी वर्षं होतात,
रोज कुणीतरी केक कापतं,
आणि मी छत्रीवरचा कावळा हाकलून
सिग्नल आलाय का ते बघतो.

पण हे गाणं आमच्या पुळणीवर घडलं,
हल्ली होड्यांना डांबर लावतात तिथे.
गावात अजून वर्षं त्यावरून मोजतात:
शुटिंगच्या आदल्या साली देवळामागची विहीर खणली,
शुटिंगच्याच साली, नारळी पुनवेनंतर,
बाबल गिरपाची होडी परत आली नाही.
मी जन्मलो सहाव्या पावसात.
(कागदावर निराळा आहे. तो मास्तरांचा अंदाज.)

नायिकेला पाण्याची भीती.
तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं,
हिच्या बांध्याची कोण आहे का?
रापण ओढणाऱ्या बायांमधून बोट गेलं
बाबलच्या आवडीवर. वय एकोणीस, लग्न ठरलेलं.
तिची अबोली काढून मोगरा माळला,
निळी गोल साडी नेसवली आणि सांगितलं,
सरळ चालत जा. छातीएवढं पाणी आलं की थांब.
मागे वळायचं नाही.

सात वेळा गेली.
साड्या दोन, एक वाळत, एक समुद्रात.
पंधरा रुपये मिळाले.
साड्या मोजून परत घेतल्या.

दीड वर्षानं सिनेमा वेंगुर्ल्याला तंबूत लागला.
मासळीच्या ट्रकातून अख्खा गाव गेला.
निळी पाठ पाण्यात शिरली
आणि तंबूभर एकच गलका,
“आवडे, फाटी वळ गो!”
आवडी पोटुशी, नवऱ्याशेजारी, पदर तोंडात कोंबलेला.
पडद्यावर वळली ती दुसरीच,
अगदी जवळून, ओल्या पापण्यांची,
घोट्याएवढ्या पाण्यातही न उतरलेली.

आज संध्याकाळी आवडीमावशीचा बॉक्स बंद पडला म्हणून गेलो.
चालू केला तर तीच नायिका, पांढऱ्या केसांची, सोफ्यावर.
“त्या संध्याकाळी पाणी इतकं थंड होतं ना,
अजून अंगावर काटा येतो.”
काटा दाखवलासुद्धा. टाळ्या.

मावशीनं बांगडा विळीवरून खाली ठेवला.
“चैतात पाणी थंड?”
राग नव्हता. पंचांगातली चूक काढावी तसं म्हणाली.
“कोमट होता. खाली कालवां होती,
चवथ्या खेपेक पायातसून रगत इला.
ता दिसता काय रे?”
नाही मावशे, म्हटलं. पाय दिसत नाहीत.

मग गाणं लागलं.
बिघाड केव्हाच सापडला होता,
बॉक्समध्ये मुंग्या.
तरी मी वायर हलवत बसलो.
पाठ अकरा सेकंद दिसते. मी मोजलीत.
मावशी पाठीकडे बघतच नव्हती.
डाव्या कोपऱ्यात, पडदा संपतो तिथे,
एक होडी नांगरलेली, नाळेवर पांढरा पट्टा.
इतक्या वर्षांत मला ती दिसली नव्हती.
“बापाशीची,” म्हणाली.
“त्येचो फोटो नाय, होडयेचो नाय.
दर वर्सा ह्या गाणा लावतंत,
तेवा एकदा बगूक गावता.”

नाळ हलली, पट्टा हलला,
आणि शाम्पूची जाहिरात आली.

ती उठली, मिठाची परात कमरेवर घेतली,
मागल्या दारानं निघाली
सरळ, त्याच चालीनं.
माझ्या तोंडून निघून गेलं, “आवडे—”
मावशी म्हणायचं राहूनच गेलं.

वळली.
“काय रे? पैशे व्हये?
पयल्या तारखेक ये.
आणि ह्ये चार बांगडे न्हे, कापलेले आसत.”