चाळीस फुटांत चार

द्रोणागिरीच्या यार्डात, खाडीकडच्या भिंतीलगत,
चाळीस फुटी कंटेनरमध्ये आम्ही चार मोटारी बसवतो.
चार? म्हणतो ऐकणारा.
मग मी तळहातावर दुसरा तळहात तिरका धरून दाखवतो:
पहिलीची पुढची चाकं लोखंडी चौकटीवर चढवायची,
खांबाच्या भोकांत पिना घालायच्या,
सहावं भोक, बोनेट उंच असेल तर सातवं,
आणि तिच्या उचललेल्या नाकाखाली
दुसरीनं मुकाट मान घालायची.

पेट्रोल चार लिटर, त्याहून जास्त नाही.
आरसे मिटलेले.
टायरला पट्टा, पट्ट्याला रॅचेट, रॅचेटला आठ खटके.
आठव्याला पट्टा जरासा कण्हतो, तिथं थांबायचं.
नववा मारतो तो नवा असतो.

सतरा वर्षं मी गाड्या आत घालत होतो.
माझं सगळं ड्रायव्हिंग चाळीस फुटांचं,
पहिल्या गिअरमधलं.
दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा, दार उघडत नाही,
काच खाली करून खिडकीतून निघायचं:
आधी डोकं, मग उजवा खांदा,
मग टपाला धरून उरलेला हसुराम घरत,
सीटवरचं प्लास्टिक न फाडता.

मागच्या शिमग्यानंतर एका पांढऱ्या गाडीतून
मी निघालोच नाही.
कंबरेशी अडकलो.
अर्धा आत, अर्धा अंधारात, पोटाखाली काचेची कड.
बाहेरून पराग भोईर ओरडला,
"काका, एक्सपोर्ट व्हायचंय का?"
सगळे हसले. मीही हसलो,
पण हसताना पोट फुगतं, म्हणून आवरलं.

तेव्हापासून गाड्या पराग घालतो. माझ्याकडे पट्टे आणि चौकटी.

आणि चौकटी परत येतात.
मोटारी येत नाहीत.
घडी घातलेल्या बाजांसारख्या एकावर एक,
पायांना तांबडी माती, आमच्या जासईची नव्हे.
कागदावर कधी मोम्बासा असतं, कधी दार-ए-सलाम,
मधे कुठं कुठं फिरून येतात कोण जाणे.
माझ्याकडे पासपोर्ट नाही, विचारणार कुणाला?

पट्टे येतात गोणीत.
आधी नुसता गुंता यायचा, दोन दोन दिवस सोडवत बसायचो
आणि तिकडच्या कुणा अनोळख्याला
आगरीत शिव्या घालायचो, त्याला कळल्या नसत्या म्हणून जरा जास्तच.
दीड वर्षामागं एक गोणी उघडली
तर पट्टे जिलबीसारखे गुंडाळलेले,
टोक आत खोचलेलं, हूक पाठीशी टेकवलेला.
प्रत्येक. बावन्नच्या बावन्न.

त्या दिवसापासून मीही
आवळून उरलेला पट्टा लोंबता सोडत नाही,
गुंडाळतो, टोक आत खोचतो.
पिनांना अंगठाभर ग्रीस जास्त लावतो.
पराग म्हणतो, कोण बघतंय?
मी म्हणतो, तू खिडकीतून निघ आधी.

गेल्या पावसाळ्यात एक पट्टा आला शिवलेला.
मधोमध फाटला होता,
कुणीतरी हिरव्या दोऱ्यानं, जाड सुईनं, दुहेरी टाक्यांनी सांधला होता.
सुपरवायझर म्हणाला, फेकून दे,
शिवलेला पट्टा गाडीला चालत नाही.
बरोबर आहे. नियम बरोबर आहे.
समुद्रात गाडी सुटली तर ती बाकीच्या तिघींना घेऊन सुटते.

म्हणून तो माझ्या स्कूटरला आहे.
मागं डबा बांधतो त्यानं, तीन खटक्यांत भागतं.
करळ फाट्यावर ट्रेलर अडले की
मी मागं हात नेऊन टाके चाचपतो.
एकवीस आहेत.
शेवटी एक गाठ आहे.
माझा बाप होडीच्या दोराला मारायचा, ती ही नाही.
वेगळीच आहे, बारीक, आत वळलेली.
कशी मारली ते कळायला
सोडून बघावी लागेल.
अजून सोडलेली नाही.