धोब्याचा हिशेब

कॅलेंडरवर दुधाच्या खुणेशेजारी
मी बारीक अक्षरात लिहिते: धो.
ह्यांना वाटतं इस्त्रीचे कपडे.
महिनाअखेर विचारतात,
"सव्वीस वेळा? एवढे कपडे आहेत आपल्याकडे?"

मुलुंडला, नवघर रोडवर, तळमजल्यामागे
आठ फुटांची पट्टी आहे आमची.
सेप्टिक टँकचं झाकण, कढीपत्ता, न धरणारी पपई,
आणि वरच्या कारखानिसांच्या एसीची नळी,
जिच्याखाली कायम हातभर ओल.
तेवढ्या ओलीसाठी,
विसर्जनाचे ढोल थांबले की दोन-चार दिवसांत
तो येतो. करडा धोबी. पोटाला पिवळा.
कुठून, ते पुस्तकात आहे; मी वाचते आणि विसरते.
डोंगर असतात, एवढं खरं.
शेपूट आपटत राहतो झाकणावर,
जणू डाग निघतच नाहीये.

जास्वंदीत आणखी एक असतो, नावाला वटवट्या.
दिसत नाही. नुसतं टक्, टक्,
आत बसून कुणी नखं कापत असल्यासारखं.
दोघंही इथं गात नाहीत.
गाणं घरचं. परगावी कशाला सोडायचं बासन?

इस्त्रीवाला रामसूरत एप्रिलात गावी जातो.
आठ दिवस आधी सांगतो,
राहिलेल्या चादरी पोचवतो, सुटे पैसेसुद्धा परत करतो.
पाखरांचं तसं नाही.
आल्याचा दिवस कळतो.
गेल्याचा कळायला रोज बघावं लागतं,
मग एक चौकोन कोरा राहतो,
आणि आज दिसला नाही की गेलाच,
हे पुढचे पाच कोरे राहीपर्यंत ठरत नाही.

यंदा मार्चात, भर दुपारी,
भांडी विसळताना ऐकलं.
जास्वंदीतून, अगदी हलक्या आवाजात,
परीक्षेआधी कुणी ओठांतल्या ओठांत म्हणावं तसं.
अर्धी ओळ. चुकली. परत पहिल्यापासून.
मी नळ बंद केला.
"काय झालं?"
"श्श."
मग दोघंही खिडकीशी,
माझे हात ओले, ह्यांच्या हातात पेपर,
तोही वाजू नये म्हणून छातीशी धरलेला.

चौथ्या दिवशी टक् नाही, काही नाही.
धोबी तर त्याआधीच कधीतरी.

संध्याकाळी ह्यांनी चष्मा लावला,
पेन्सिल शोधली,
कॅलेंडरपाशी बराच वेळ उभे राहिले.
नंतर जाऊन पाहिलं मी.
दुधाच्या खुणेशेजारी, माझ्याहून बारीक अक्षरात:
कपडे नाहीत.