पाचर

नारिनमध्ये उणे बावीस.
भूकंप केंद्राच्या तळघरात
हीटरपेक्षा संगणकच जास्त ऊब देतो,
म्हणून त्याला खेटून बसले आहे.
सहा वर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही.
बिश्केकहून निरोप आला : शुक्रवारपर्यंत अपडेट करा,
नाहीतर तुमची रेघ आमच्या नकाशावर येणार नाही.

कमांड दिली, आणि
लग्नघरातलं मानपान सुरू झालं.
आलेखाच्या पॅकेजला गणिताचं हवं, तेही तिसऱ्या आवृत्तीचं.
गणिताला हवी नवी लायब्ररी.
नवी म्हणते, ती जुनी असेल तर मी पंगतीला बसणार नाही.
आणि जुनीचा पदर धरून बसलाय दोबुलबास,
तोक्तोसून आगायनी लिहिलेला प्रोग्राम,
कागदाच्या नळकांड्यावर सुई ओढायची
तशी पडद्यावर रेघ ओढणारा.

यंत्र तोडगे सुचवू लागलं.
पहिला : काहीच करू नका.
(हा सल्ला द्यायला घरी नवरा आहे.)
दुसरा : दोनशे चौदा पॅकेजेस काढून टाका.
त्यात छपाई, पडदा, दोबुलबास,
आणि हा तोडगा शोधणारं पॅकेजसुद्धा.
मंजूर?
नाही.
तिसरा दुसऱ्यासारखाच, फक्त दोनशे तेरा.
मेंढीबाजारातला दलाल असाच एकेक सोम उतरतो.
नाही.
नाही.

रात्री दोनला सुचलं :
कुणी काही अडवून तर ठेवलं नाही?
विचारलं. उत्तरात एकच नाव आलं.
जुनी लायब्ररी.
सहा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, पहाटे पावणेतीनला
कुणीतरी तिथे पाचर मारून ठेवली होती.

मग मी घाबरले.
आगाय कारणाशिवाय दारसुद्धा लोटत नसत.
कुंपणाला गाय बांधली होती म्हणून एकदा
त्यांनी मला यंत्र तीनदा समतल करायला लावलं होतं.
नव्या आवृत्तीत सेकंदाचा एखादा तुकडा गळत असेल,
आणि तेवढ्यानं भूकंप डोंगराच्या पलीकडे सरकत असेल,
आणि हे फक्त त्यांनाच माहीत असेल?
पाचरीकडे बघत सहापर्यंत बसून राहिले.

सहाला फोन केला. ते आत-बाशीला, मुलीकडे.
मागे मेंढ्या, बादली, कुत्रं.
"कोणती लायब्ररी?"
नाव सांगितलं.
बराच वेळ नुसत्या मेंढ्या.
"हां... त्या रात्री झोप येत होती गं, जायनागुल.
म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू."

सहा वर्षांचं भिजत घोंगडं!
पाचर काढली.
एकशे एकतीस नवी आली, नऊ गेली,
कुणी कुणाला अडवलं नाही.
दोबुलबास तेवढा रुसला. त्याचा कोड उघडला,
दोन ओळी बदलल्या.
एका व्हेरिएबलला त्यांनी घोडीचं नाव दिलंय,
ते तसंच राहू दिलं.

साडेसातला रेघ आली.
सरळ, सरळ, मग थरथर.
भूकंप नव्हे, कोळशाचा ट्रक,
तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढणारा.
हे सांगायला मला अजून तरी
कुठलं पॅकेज लागत नाही.

एक फॉन्ट राहिलाय.
किरगीझची दोन अक्षरं तो चौकटी करून छापतो,
आणि हट्टानं जुन्याच सोबत्याशी नांदतो.
डोळे मिटताहेत.
त्याच्यावर पाचर मारली,
शेजारी तारीख लिहिली, माझं नाव लिहिलं,
आणि कारणाच्या रकान्यात, खरं तेच :
झोप.