वगळण्यात आले आहे

आमच्या कचेरीत कर्ता नसायचा.
नोंद घेण्यात आली आहे.
नाव वगळण्यात आले आहे.
कुणी वगळलं, हे वाक्याला विचारायची सोय नव्हती
आणि मी तर वाक्याच्याही खालच्या पगारावर.
मारिबोर शहर, तळमजला, खिडकी क्रमांक चार.

यंत्र साधंच, फायलींना भोकं पाडायचं.
हिरवं. दांडा जरा सैल.
देश नवा झाला, झेंडा नवा झाला,
आणि फेब्रुवारीत वरून यादी आली:
मुदतीत अर्ज न केलेल्यांचं राहणं संपलं होतं.
घरं होती, पलंग होते, शेगडीवर सूप होतं.
राहणं तेवढं संपलं होतं.

त्यांना म्हणायचं, जरा ओळखपत्र दाखवता?
कट्.
अक्रोड फुटावा तसा आवाज.

झुम्रेता हाजिच मुलाच्या दाखल्यासाठी आली होती.
सूतगिरणीत सत्तावीस वर्षं,
बोटांना रंगाचा वास.
कचेरीतले हीटर तिच्या नवऱ्याने बसवलेले, मेव्लुदिनने.
थंडीत मी त्यांच्यावर मोजे वाळवायचे.

ती रडली नाही, भांडली नाही.
ओळखपत्र डोळ्याशी धरलं
आणि त्या भोकातून
माझ्याकडे बघितलं.
बराच वेळ.
दाराच्या भिंगातून बघतात तसं,
कोण आलंय, उघडावं की नाही.

मागे रांग होती. मी म्हटलं, पुढचे.

यंत्राचं पोट रिकामं करायचं कामही माझंच.
टिकल्या सांडायच्या, निळ्या, पिवळट, टेबलभर.
एखादीवर शिक्क्याची कड,
एखादीवर आडनावाचा शेपूट.
वर्षअखेर पिशवी भरली. मी घरी नेली,
चांगला कागद, वाया का घालवा.

कार्निव्हलला आमचा बोरुत अस्वल झाला होता.
द्रावेच्या पुलावर उभा राहून
मुठी भरभरून उधळत होता लोकांवर.
केसांत, टोप्यांत, बीअरच्या ग्लासांत टिकल्या.
लोक हसत होते.
मीही.

परवा नातवासाठी तीच कातडी ट्रंकेतून काढली.
झटकली तर अस्तरातून एक पडली.
चष्मा लावला. त्यावर अर्धा आकडा:
तीन असेल, आठही असेल.

म्हणतात, नावं परत घेण्यात आली आहेत.
भरपाई देण्यात आली आहे, काहींना.
काही तोवर वारले.
काहींना सीमेपार सोडण्यात आलं, तिकडे तेव्हा युद्ध होतं;
पुढचं नोंदवण्यात आलेलं नाही.
हाजिच कुटुंबाचं मी विचारलं नाही. कुणाला विचारणार?
खिडकी चारवर आता यंत्रच आहे, टोकन देतं.

बोट ओलं करून टिकली उचलली.
कचऱ्याचं झाकण उघडलं,
लावलं.

काय आहे गं ते, आजी?
भोक, मी म्हटलं. मी पाडलेलं.

भोक कुठे, तो म्हणाला, हा तर ठिपका आहे,
आणि अस्वलाचं तोंड चढवून
माझ्यावर गुरगुरला.