पाय दे

जन्मलं तेव्हा त्याच्या खुरांना मऊ बोटं होती,
पिवळट, लोंबती, ओल्या शेवाळासारखी,
आईचं पोट आतून फाटू नये म्हणून.
उभं राहिलं, धडपडलं, चार पावलं चाललं,
आणि ती गवतात झिजून गेली.
कुणी शोधली नाहीत.

आज दहावा आठवडा.
क्लिफडनहून फेस्टस मॅनियन आलाय,
व्हॅनचं दार दोरीने बांधलेलं,
कानस अजून गोणपाटातच.
"आज आधी नुसता हात," म्हणतो.
खांद्यावरून कोपर, कोपरावरून गुडघा,
गुडघ्याखालची ती बारीक नळी.
अंधारात जिन्याचा कठडा चाचपावा
तसा हात खाली खाली नेतो.
पाय दे.

शिंगरू देत नाही.
का द्यावा?
पळणं एवढीच त्याची इस्टेट,
तीही चार जागी वाटून ठेवलेली.

मी म्होरकी धरून उभी.
दगडी बांधापलीकडे घोडी फुरफुरते,
समुद्राकडून भुरभुर येते आणि जात नाही.
पुढचा डावा जरासा बाहेर वळलाय.
मी रोज बघते, मला दिसला नव्हता.
त्याने फाटकातूनच पाहिला.
"अजून तीन आठवडे हाड ऐकून घेईल," म्हणतो,
"मग स्वतःचंच खरं करेल."

पाय दे.
पाय दे, राजा.

तिसऱ्यांदा आला.
दिला म्हणवत नाही, निसटला म्हणू,
आणि फेस्टसच्या तळहातात राहिला
चहाच्या कपाएवढा खूर.
आकडीने चिखल काढला, एक खडा निघाला,
माझ्या हातात ठेवला, जणू माझाच होता.
बाहेरच्या कडेवर कानस दोनदा फिरली.
तिसऱ्यांदा उचलली,
थोडं थांबून खाली ठेवली.
बुटावर पिठासारखी भुकटी.
कुत्रं येऊन चाटून गेलं.

तेवढ्यात शिंगराने सगळा भार
त्याच्या वाकलेल्या पाठीवर टाकला
आणि डोळे मिटले.
फेस्टसचे गुडघे कधीचेच गेलेत.
तरी तो तसाच राहिला,
पाठ न हलवता मला म्हणाला,
"पैसे पुढच्या वेळी. आत्ता बोलू नकोस."

रात्री कंदील घेऊन एकटीच गेले.
खांदा, कोपर, गुडघा, नळी.
पाय दे, म्हटलं, फेस्टसच्याच आवाजात.
त्याने दिला.
उजवा.