बारा वाजेपर्यंत

बारा वाजेपर्यंत ती बागोरा सेव भांडाराची.
करारात तसंच आहे, एकतीस डिसेंबर, मध्यरात्र.
म्हणून तुमच्या कंपनीची नवी सायकल
माझ्या रामबागेतल्या दुकानात
जुन्या चादरीखाली उभी आहे,
आणि केतकी तिच्याकडे पाठ करून
स्टुलावर बसून गराडू खातेय.

मी जुनीवरची नावं काढतोय.
हेअर ड्रायर बायकोचा. नखानं कोपरा उचलायचा,
मग हळूहळू,
झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढतात तसं.
'सेव' निघालं. 'भांडार' हट्टी.
रॉकेल लावलं.
खाली निळा निघाला, तीन उन्हाळ्यांपूर्वीचा.
बाकी फ्रेमचा रंग पार उडालेला,
फक्त अक्षरांखालचा शाबूत.
नाव काढलं, तरी वाचता येतंय.

शेठ वाईट माणूस नव्हता.
पहिले टायर त्याचेच.
जानापावच्या पहिल्या शर्यतीला पांढरे बूट घालून आला होता,
चार किलो लवंग सेव घेऊन, शेवटच्या रेषेपाशी.
वरून आधी धूळ आली, मग ती,
आणि हा जिवाच्या आकांतानं ओरडला,
"ब्रेक लाव, बेटा, ब्रेक!"
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं
की पैसे तो ब्रेक न लावण्याचेच देतोय.

मग मागच्या साली तिचं खांद्याजवळचं हाड मोडलं.
फोन आधी रोज. मग सणासुदीला.
मग मुलाचा:
यंदा आम्ही क्रिकेटचं बघतोय.

तर आता तुम्ही.
करार सात पानांचा. मला तिनं सहा दाखवली.
पाचवं सापडलं हेल्मेटात, चौघडी केलेलं,
आतला स्पंज बदलायला घेतला तेव्हा.
मेकॅनिक कंपनीचा राहील.
रास्तच आहे. तुमच्याकडे ट्रक असणार, तंबू असणार,
प्रत्येक पान्याला त्याच्या मापाचा खळगा.
मी पान होतं तसं दुमडून ठेवलं
आणि चेनला तेल घातलं,
जिला तेल नको होतं.

तुमचं नाव ठाऊक नाही, म्हणून नुसतंच लिहितो.
ही चिठ्ठी सीटखाली असेल, काळ्या टेपखाली.

उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं जुळलंय,
ब्रेकचा लिव्हर दोन सूत आत घ्या.
मागच्या टायरात ती चोवीस सांगेल.
सव्वीस भरा आणि चोवीस म्हणा.
हँडलचे बोल्ट पाच न्यूटनवर, सहा नाही. मी प्रत्येकावर
पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो, निम्मा बोल्टवर, निम्मा बाहेर.
ठिपका तुटला म्हणजे काहीतरी सरकलंय.
'सगळं ठीक आहे' म्हणाली, तर पुढचा फोर्क उघडून बघा.
'काहीतरी वाजतंय' म्हणाली, तर काही वाजत नसतं.
चाक उगाच फिरवा, कान लावा,
"हां, सापडलं" म्हणा.

हरल्यावर दहा मिनिटं जवळ जायचं नाही.
अकराव्या मिनिटाला पाणी.
जिंकल्यावरचं मला नीट सांगता येत नाही,
दोनदाच झालंय.

आणखी एक. वर निघायच्या आधी ती सीटवर
दोन बोटं वाजवते. ते माझ्यासाठी असायचं बहुतेक.
तुम्ही उत्तर द्यायची गरज नाही.

बाहेर कुणीतरी घाईनं लडी लावलीय.
केतकी विचारते, काका, काढू चादर?
मी म्हणतो, थांब, अजून पाच मिनिटं आहेत.

दुकानातलं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे.
गेली तीन वर्षं मागेच आहे,
तिला माहीत आहे.
ती पुन्हा स्टुलावर बसते,
गराडूवर मसाला टाकते,
आणि द्रोण माझ्याकडे सरकवते.